सिडनीतला एक फोन आणि आपल्या घरातले शब्द

ऑस्ट्रेलियात राहत असाल तर १३ ११ १४ हा क्रमांक तुमच्या नजरेखालून शेकडो वेळा गेला असेल. टीव्हीवरच्या एखाद्या दुःखद बातमीच्या शेवटी तो येतो, वर्तमानपत्रात लेखाखाली छापलेला असतो. हा लाइफलाइनचा क्रमांक. ज्याला जीव नकोसा झालाय अशा माणसाने रात्री-अपरात्री केव्हाही फोन करावा आणि पलीकडे कुणीतरी ऐकणारं असावं, इतकी साधी ही सोय. ती सरकारने किंवा एखाद्या मोठ्या रुग्णालयाने सुरू केली असावी असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती सुरू झाली सिडनीतल्या एका चर्चमधून.

रेव्हरंड अ‍ॅलन वॉकर हे मेथडिस्ट पाळक. १९५८ पासून ते सिडनीच्या सेंट्रल मेथडिस्ट मिशनचे प्रमुख होते. फक्त गोऱ्यांनाच देशात येऊ देणाऱ्या 'व्हाइट ऑस्ट्रेलिया' धोरणाविरुद्ध जाहीरपणे बोलणाऱ्यांपैकी ते एक. म्हणजे आपण आज इथे आहोत, त्यात त्यांचाही खारीचा वाटा आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एका रात्री एका अनोळखी माणसाने त्यांना फोन केला. तो एकटा होता, निराश होता. वॉकर त्याच्याशी बोलले, पण काही दिवसांतच त्या माणसाने आयुष्य संपवल्याचं त्यांना कळलं.

या शहरात कुणी केवळ बोलायला माणूस नाही म्हणून मरता कामा नये, हे वॉकरांच्या मनाने घेतलं. पण त्यांनी जो उपाय काढला तो पाळकाला साजेसा नव्हता. जास्त प्रवचनं नाहीत, जास्त पाळक नाहीत. मिशनच्या मालकीची एक पडकी इमारत त्यांनी दुरुस्त करून घेतली आणि सुमारे १५० सामान्य माणसांना नऊ महिने प्रशिक्षण दिलं. कशाचं? मुख्यतः ऐकण्याचं. १६ मार्च १९६३ रोजी फोन सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी १०० हून जास्त लोकांनी तो केला.

ऐकायला शिकण्यासाठी नऊ महिने? आपल्याला ही गंमत वाटते, कारण ऐकणं हे काम आहे असं आपण मानतच नाही. कान आहेत, म्हणजे ऐकू येतं! पण आता स्वतःकडे जरा नीट बघा. पुण्याहून आईचा फोन येतो, ती म्हणते, "आताशा संध्याकाळ खायला उठते." आपण किती सेकंदांत बोलायला लागतो? "अगं मग फिरायला जात जा ना, ज्येष्ठ नागरिक संघात नाव घाल, मी तुला टॅबलेट पाठवतो." सल्ला चांगलाच असतो. पण आईने सल्ला मागितलेलाच नव्हता.

लंडनमध्ये चॅड वाराह नावाच्या अँग्लिकन धर्मगुरूंना हे वॉकरांच्याही दहा वर्षं आधी उमगलं होतं. त्यांनी १९५३ मध्ये सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमधून अशीच फोनसेवा सुरू केली. तीच पुढे 'समॅरिटन्स' झाली. वाराह स्वतः भेटायला येणाऱ्यांचं समुपदेशन करत. गर्दी वाढली तेव्हा बाहेर थांबलेल्या लोकांना चहा देण्यासाठी, चार शब्द बोलण्यासाठी त्यांनी काही स्वयंसेवक बसवले. थोड्याच काळात त्यांच्या लक्षात आलं, की बाहेर बसलेल्यांपैकी बरेच जण चहावाल्या स्वयंसेवकांशी बोलून हलके होऊन परत जातायत, आत यायची त्यांना गरजच उरत नाही. वाराह यांचा मोठेपणा असा, की ही गोष्ट त्यांना झोंबली नाही. त्यांनी काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवून टाकलं.

या सगळ्या काळात 'भावनिक बुद्धिमत्ता' हा शब्दप्रयोग मानसशास्त्रात रुळलेला नव्हता. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी त्यावरचा महत्त्वाचा निबंध लिहिला १९९० मध्ये. डॅनिएल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने तो घराघरात आणि, दुर्दैवाने, प्रत्येक कंपनीच्या एचआर विभागात पोचवला. मूळ कल्पना मात्र नेमकी आहे. सॅलोव्ही आणि मेयर यांनी पुढे तिचे चार भाग केले: स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखता येणं, विचार करताना भावनांचा उपयोग करता येणं, एक भावना दुसरीत कशी बदलते हे समजणं, आणि भावना सांभाळता येणं. शेवटच्या भागावर सगळे उड्या मारतात, 'राग कसा आवराल' वगैरे. पण जे ओळखलंच नाही ते आवरणार कसं?

या विषयाभोवती अतिशयोक्ती फार आहे, म्हणून एक मोजमाप देते. सिडनी विद्यापीठातल्या कॅरोलिन मॅककॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ४२,००० हून जास्त विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. भावनिक बुद्धिमत्ता आणि अभ्यासातलं यश यांचा संबंध खरा निघाला, पण मध्यम. बुद्धी पहिली, कष्टाळू नेटकेपणा दुसरा, आणि ही तिसरी. 'यशाचं ऐंशी टक्के रहस्य' असली वाक्यं कुणी फेकली तर खुशाल हसा. आणखी एक मजेदार निष्कर्ष २०१४ मध्ये अमेरिकेतल्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासातून आला. ज्यांची ही क्षमता चाचणीत सगळ्यात कमी भरली, त्यांनाच आपण यात तरबेज आहोत असं वाटत होतं आणि सुधारणा करण्यात त्यांनाच सगळ्यात कमी रस होता. प्रत्येक नातेवाईकांच्या ग्रुपवर असे एक काका असतात. असो.

त्याहून गंभीर प्रश्न वेगळाच आहे. हे कौशल्य चांगल्या माणसाकडेच असतं असं नाही. २०११ च्या एका संशोधनात असं दिसलं, की भावना हाताळण्याचं ज्ञान सचोटीच्या माणसाला जास्त मदतशील बनवतं आणि मतलबी माणसाला जास्त तरबेज त्रासदायक बनवतं. समोरच्याची दुखरी नस कुठे आहे हे वैद्यालाही कळतं आणि छळणाऱ्यालाही. मानसशास्त्र नस शोधायला शिकवतं. त्या नसेवर हात कशासाठी ठेवायचा, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या बाहेरचा आहे, आणि इथे ख्रिस्ती परंपरेकडे सांगण्यासारखं काही आहे. तुम्ही ख्रिस्ती असा किंवा नसा, आपल्यापैकी अनेकांची मुलं इथे कॅथलिक किंवा अँग्लिकन शाळांत जातात. ती परंपरा काय म्हणते हे माहीत असलेलं बरं.

शुभवर्तमानं मूळ ग्रीक भाषेत लिहिली गेली. दुःखी माणसं पाहून येशूला कळवळा आला असं जिथे जिथे येतं, तिथे बऱ्याचदा एक क्रियापद वापरलेलं आहे: 'स्प्लांख्निझोमाइ'. ते 'स्प्लांख्ना' म्हणजे आतडी, पोटातले अवयव या शब्दापासून बनलंय. इंग्रजी भाषांतरात त्याचं सोज्वळ 'कम्पॅशन' होतं आणि पोट हरवतं. मराठीला मात्र हा शब्द समजावून सांगावाच लागत नाही. आपलं आतडं तुटतं, पोटात कालवतं, काळीज पिळवटतं. दया ही डोक्यातली भूमिका नसून शरीरात होणारी गोष्ट आहे, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक बोलणाऱ्यांना आणि आपल्या आज्यांना सारखंच ठाऊक होतं.

योहानाच्या शुभवर्तमानातला लाजराचा प्रसंग घ्या. बेथानी गावात मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर वारलाय. येशू चार दिवस उशिरा पोचतो. दोघी बहिणी वेगवेगळ्या वेळी त्याला भेटतात आणि दोघींची तक्रार अक्षरशः एकच: तू वेळेवर असतास तर भाऊ गेला नसता. मार्थाशी तो बोलतो, पुनरुत्थानाविषयी, श्रद्धेविषयी. मार्था तशी वाद घालणारी, बोलण्यातून सावरणारी. मरीया येऊन पायाशी कोसळते, तेव्हा तो काहीच समजावत नाही. तोही रडतो. गोष्टीप्रमाणे, पुढच्या काही क्षणांत आपण लाजराला उठवणार आहोत हे त्याला माहीत आहे. 'अगं रडू नकोस, मी आलोय ना' असं म्हणण्याचा इतका पक्का हक्क जगात दुसऱ्या कुणाला नसेल. तरी तो ते म्हणत नाही. तीच तक्रार, दोन माणसं, दोन उत्तरं. मॅनेजमेंटच्या कुठल्याही कार्यशाळेत मला याहून चांगलं उदाहरण भेटलेलं नाही.

जुन्या करारात एलीया हा संदेष्टा जिवाला कंटाळून रानात एका झुडपाखाली मरण मागत पडतो. त्याला स्वर्गातून पहिलं काय मिळतं? भाकरी, पाणी आणि झोप. दोनदा. बोलणं नंतर, बरंच नंतर. ईयोबाचे मित्र त्याच्या शेजारी सात दिवस गप्प बसले तोवर ते चांगले मित्र होते, तोंड उघडून कारणमीमांसा सुरू केल्यावर बिघडलं. आणि स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलाप आहेत, म्हणजे तक्रार, रडणं, देवाशी भांडण. बहुतेकांत शेवटी आशा डोकावते. ८८ वं स्तोत्र मात्र अंधारातच संपतं. ज्यांनी हा ग्रंथ जुळवला त्यांनी शेवट गोड करण्यासाठी त्याला दोन ओळी चिकटवल्या नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण हीच परंपरा उलटी वापरली की काय होतं हेही ऑस्ट्रेलियाने पाहिलंय. संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने २०१३ ते २०१७ या काळात काम केलं. चर्चच्या संस्थांमधली प्रकरणं त्यात मोठ्या संख्येने होती. ज्या ठिकाणी क्षमा शिकवली जात होती तिथेच पीडितांना वर्षानुवर्षं गप्प बसवलं गेलं. राग हे पाप आहे असं सांगून माणसाचा राग काढून घेतला, की त्याच्यावर अन्याय करणाऱ्याचं काम सोपं होतं. कमिशनने काय केलं बघा: ८,००० हून जास्त लोकांना एकेकटं, बंद दाराआड, आयुक्तासमोर बसून आपली कहाणी सांगू दिली. अनेकांसाठी आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी अधिकारी माणूस मध्ये न बोलता ऐकत होता. क्षमा ही त्यानंतरची, आणि ज्याची त्याची, गोष्ट आहे.

भावना दाबली की ती जाते का, याचं उत्तर प्रयोगशाळेतून मिळतं. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी १९९० च्या दशकात लोकांना किळसवाणी चित्रफीत दाखवली आणि काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. त्यांचे चेहरे कोरे राहिले. किळस कमी झाली नाही, उलट शरीरातल्या ताणाच्या काही खुणा वाढल्या. २००३ च्या एमिली बटलर यांच्या प्रयोगात तर एकीने भावना दाबल्यावर तिच्याशी बोलणाऱ्या दुसरीचा रक्तदाब वाढला. 'मी काही बोलले का?' असं म्हणत भांडी आपटणाऱ्या माणसाजवळ घरातले सगळे का अवघडतात, ते यावरून कळेल. इथे एक महत्त्वाची टीप: बटलर यांनीच २००७ मध्ये दाखवलं, की आशियाई मूल्यं मानणाऱ्या स्त्रियांमध्ये दाबण्याचे असे दुष्परिणाम बरेच कमी दिसतात. मोठ्यांसमोर आवाज चढवायचा नाही हा आपला संयम म्हणजे आपोआप आजार नव्हे. पाश्चात्त्य पुस्तक वाचून लगेच सासऱ्यांना सगळं मोकळेपणाने सांगायला जाऊ नका.

मग मोकळं होण्याचा मधला मार्ग कोणता? नाव देणं. मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दाखवलं, की रागावलेला किंवा घाबरलेला चेहरा बघून त्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं, की मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल कमी होते आणि कपाळामागचा, लगाम धरणारा एक भाग जागा होतो. २०१२ चा प्रयोग तर ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांना विशेष पटेल. कोळ्याची भीती वाटणाऱ्या ८८ जणांना जिवंत टॅरँट्युलाजवळ जायला सांगितलं. काहींनी 'हा काही करत नाही' अशी स्वतःची समजूत घातली, काहींनी दुसऱ्याच गोष्टींबद्दल बोलत लक्ष वळवलं, काहींनी 'मला किळस येतेय, तो अंगावर उडी मारेल याची भीती वाटतेय' असं जे वाटत होतं ते बोलून दाखवलं. आठवड्याने पुन्हा कोळ्यासमोर नेलं तेव्हा तिसऱ्या गटाच्या शरीराची भीतीची प्रतिक्रिया, हाताच्या घामावरून मोजलेली, इतरांपेक्षा कमी होती. तोंडाने विचारलं तर मात्र भीती सगळ्यांना सारखीच वाटत होती! शरीर आधी शिकलं, मन मागाहून येणार होतं.

आता यात आपला, म्हणजे मराठी घरांचा, प्रश्न येतो. नाव द्यायचं तर नावं हवीत. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट यांचं म्हणणं आहे, की ज्यांना आपल्या भावनांमधले बारीक फरक सांगता येतात त्यांना त्या सांभाळणंही सोपं जातं. या कसोटीवर आपली भाषा कुबेराची आहे. हातून एखादी संधी निसटली की लागते ती रुखरुख. दुसऱ्याचं नुकसान पाहून वाटते ती हळहळ. स्वतःच्या वागण्याची टोचणी म्हणजे खंत. मुलगा पहिल्यांदा कॅम्पला गेल्यावर रिकाम्या घरात दाटते ती हुरहूर, आणि त्याचा फोन लागत नाही तेव्हा होते ती घालमेल. तळमळ वेगळी, चरफड वेगळी, धुसफूस वेगळी. रुसवा तर असा, की त्यात समोरच्याने समजूत काढायला यावं ही अपेक्षा आधीच धरलेली असते. हक्काच्या माणसावरच रुसतात, परक्यावर नाही.

आणि आपण काय बोलतो? "टेन्शन आलंय." "मूड ऑफ आहे." मुलं 'सॅड', 'मॅड' आणि 'बोअर्ड' या तीन खुंट्यांवर सगळं टांगतात. घरात मराठी बोलावं असं आपण म्हणतो ते संस्कृतीसाठी, आजीशी बोलता यावं म्हणून. मला वाटतं, त्याहून जवळचं कारण हे आहे.

मेलबर्न विद्यापीठात सोफी हॅविगहर्स्ट आणि अ‍ॅन हार्ली यांनी पालकांसाठी 'ट्युनिंग इन टू किड्स' हा कार्यक्रम तयार केला, तो याच तत्त्वावर उभा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या 'इमोशन कोचिंग'चं हे वाढवलेलं रूप. मुलाची भावना छोटी असतानाच ओळखा, तिला जवळ येण्याची संधी समजा, समजून घेतल्याचं दाखवा, नाव द्यायला मदत करा, आणि मग, शेवटी, मर्यादा घाला किंवा तोडगा काढा. सहा सत्रांच्या या कार्यक्रमाच्या चाचणीत पालकांचं भावना झटकून टाकणं कमी झालं, मुलांना भावना जास्त कळू लागल्या आणि त्यांचं त्रासदायक वागणंही घटलं. लक्षात घ्या, मर्यादा गेलेली नाही. भावाला मारायचं नाही ते नाहीच. पण "भावाने तुझा किल्ला मोडला, तुझी चरफड झाली ना?" हे आधी, आणि "तरी हात उचलायचा नाही" हे नंतर.

हा क्रम उलटा होतो तेव्हा मूल दुसरं वाक्य ऐकतच नाही. मोठी माणसंही ऐकत नाहीत. व्हिसाच्या निकालाची वाट पाहत असलेला मित्र, नोकरी गेल्याचं घरी न सांगितलेला शेजारी, प्रसूतीनंतर इथे एकटी पडलेली मैत्रीण, "होईल सगळं नीट" या आपल्या वाक्यावर मान डोलावतात आणि विषय बदलतात. ऑस्ट्रेलियात दरवर्षी ३,००० हून जास्त माणसं आत्महत्येने जातात. १५ ते ४४ या वयोगटात मृत्यूचं ते सगळ्यात मोठं कारण आहे. तुम्हाला कुणाविषयी तशी शंका आली, तर स्पष्ट शब्दात विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. उत्तर 'हो' आलं तर घाबरून भाषण देऊ नका. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि दोघांनी मिळून फोन लावा.

फोन लाइफलाइनला, १३ ११ १४, चोवीस तास. तुमचा धर्म तिथे कुणी विचारत नाही. इंग्रजीत मन मोकळं होत नसेल, तर आधी १३१ ४५० या दुभाषी सेवेला फोन करून तुमची भाषा सांगा आणि लाइफलाइनला जोडून द्यायला सांगा. जिवाला लगेच धोका असेल तर ०००. आणि भारतातल्या कुणासाठी १४४१६, हा सरकारी टेलि-मानस सेवेचा क्रमांक. आईवडिलांच्या फोनमध्येही तो आत्ताच साठवून ठेवता येईल.